हॅझर्ड अन् रिस्क: एक बाटलीत असतो, दुसरी पाठीवर येते

पोळ्याच्या चार दिवस आधी भाचा आला होता, कृषीच्या भरतीचा अभ्यास चालू आहे त्याचा, सोबत इंग्रजी शब्दांची वही घेऊनच फिरतो. संध्याकाळी ओसरीवर बसला अन् विचारलं, "मामा, हॅझर्ड म्हणजे धोका अन् रिस्क म्हणजेबी धोका, मंग पेपरात दोघाइचा फरक काहून इचारतेत?" त्याच्या वहीत खरंच दोन्हींच्या पुढे "धोका" लिहिलेलं होतं. क्लासमध्ये तसंच लिहून दिलं म्हणे.

मी त्याला तेव्हा जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहितोय, कारण हा फरक फक्त पेपरापुरता नाही. आपल्याकडे सध्या पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारणी चालू आहे, अन् हे दोन शब्द वेगळे कळले की फवारणीकडे पाहायची नजरच बदलते असं मला मनापासून वाटतं.

आधी सरळ अर्थ. हॅझर्ड म्हणजे अशी वस्तू किंवा परिस्थिती जिच्यात नुकसान करायची ताकद आहे. बस, ताकद आहे एवढंच, नुकसान झालं असं नाही, होईलच असंही नाही. रिस्क म्हणजे ती ताकद तुमच्यापर्यंत पोचून खरंच नुकसान व्हायची शक्यता किती, अन् झालंच तर ते केवढं मोठं, ह्या दोन्हींचा मिळून हिशोब. म्हणजे हॅझर्ड हा वस्तूचा गुण झाला अन् रिस्क त्या वस्तूचा अन् तुमचा संबंध कसा आहे त्याच्यावर ठरते.

घोणस घ्या. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, दगडाच्या ढिगात घोणस आहे, तिच्या दातात विष आहे, हा हॅझर्ड. तुम्ही घरी खाटेवर झोपलेले असाल तर तुम्हाला तिची रिस्क नसल्यासारखीच. पण थ्री फेजची लाईन रात्री बारानंतर येते म्हणून तुम्ही हरभऱ्याला पाणी द्यायला अनवाणी निघालात, बॅटरीचा सेल उतरलेला, तर घोणस तीच, विष तेवढंच, पण रिस्क कुठच्या कुठं वाढली. पायात गमबूट घातले, हातात चांगला टॉर्च घेतला, काठी आपटत चालले, की रिस्क कमी झाली, अन् घोणशीच्या विषात मात्र काडीचा फरक पडला नाही. अन् लाईन दिवसा मिळाली तर? तर रिस्क अजून कमी, तीही शेतकऱ्यानं काहीच न करता. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ह्या दोघांच्या मधे जो पूल आहे त्याला इंग्रजीत एक्स्पोजर म्हणतात, म्हणजे संपर्क. किती आला, किती वेळ आला, कोणत्या वाटेनं आला. हॅझर्ड कितीही मोठा असला तरी संपर्क शून्य असेल तर रिस्क शून्य, अन् हॅझर्ड मध्यम असला पण रोज, तासन् तास, उघड्या अंगावर संपर्क असेल तर रिस्क मोठी. सोळाव्या शतकात युरोपात पॅरासेल्सस नावाचा एक वैद्य होऊन गेला, त्याचं म्हणणं असं की विष सगळ्यातच आहे, मात्राच ठरवते की विष व्हायचं का नाही. आपल्या घरातलं मीठ, पाणी, सगळ्याला ते लागू पडतं.

भाच्याला मी ओळखायची एक सोपी खूण सांगितली. ज्याच्याकडे बोट दाखवता येतं तो हॅझर्ड. ती बाटली, ती तुटलेली तार, कठडा नसलेली ती विहीर. रिस्ककडे बोट दाखवता येत नाही, तिला प्रश्न विचारावे लागतात: कशाची, कोणाला, किती? विषबाधेची रिस्क, फवारणाऱ्याला, जास्त. अन् इंग्रजीत रिस्क "घेतात", हॅझर्ड कोणी "घेत" नाही, तो असतो. मराठीत लिहायचं असेल तर रिस्कला जोखीम म्हणा, शब्द आपल्या ओळखीचा आहे, आपण माणूस जोखून घेतो, माल जोखून घेतो, म्हणजे तोलतो, तसंच जोखीमही तोलायची असते. धोका हा शब्द हॅझर्डकडे राहू द्या. मग घोळ होत नाही.

आता बाटलीकडे येतो.

आपल्याकडे सगळ्यात आधी एका शब्दानंच हॅझर्ड झाकून टाकला आहे, तो शब्द म्हणजे "औषध". कृषी केंद्रातून काय आणलं, औषध. पऱ्हाटीवर काय मारलं, औषध. लहान लेकरू हे ऐकतच मोठं होतं, अन् घरात तापाचंही औषध अन् अळीचंही औषध. माझी आजी त्याला स्पष्ट "जहर" म्हणायची, बोंडावर जहर मारून आले म्हणायची, अन् त्या दिवशी बाबांना आंघोळीशिवाय चुलीजवळ येऊ द्यायची नाही. मला वाटतं तिला हॅझर्ड शब्द माहीत नव्हता पण वस्तू बरोबर माहीत होती.

बाटलीवर एक चौकोन असतो, टोकावर उभा केलेला, पतंगासारखा, त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो. हा रंग कीटकनाशकांच्या १९७१ च्या नियमांप्रमाणे द्यावाच लागतो. लाल म्हणजे अतिशय विषारी, पिवळा म्हणजे खूप विषारी, निळा म्हणजे मध्यम, हिरवा म्हणजे थोडा. लालवर कवटी अन् हाडंही असतात. हे रंग कशावरून ठरतात तर प्रयोगशाळेत उंदरांवर चाचणी होते, एक किलो वजनामागे किती मिलिग्रॅम पोटात गेलं की त्यातले निम्मे प्राणी मरतात, तो आकडा पाहतात. ५० पर्यंत असला तर लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५००० पर्यंत निळा, त्याच्या वर हिरवा. आकडा जितका लहान तितकं जहर कडक.

आता नीट पाहा, हा रंग काय सांगतो? फक्त हॅझर्ड सांगतो, म्हणजे बाटलीत काय आहे ते. तुम्ही किती पंप मारणार, वारा कुठून येतोय, पऱ्हाटी तुमच्या कमरेला आहे का डोक्याच्या वर, पंप गळतोय का, हे त्या रंगाला काय माहीत. म्हणून कपाटात कुलूप लावून ठेवलेल्या लाल बाटलीपेक्षा पाठीवर दिवसभर झिरपणारी पिवळी किंवा निळी बाटली जास्त जोखमीची असू शकते. बरेच जण दुकानात म्हणतात, लाल नको, निळं द्या, अन् मग निळं आहे म्हणून हातानंच ढवळतात. हॅझर्ड कमी केला अन् संपर्क वाढवला, हिशोब होता तिथंच आला, कधी कधी वर गेला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी भाच्याला वावरात घेऊन गेलो. आमच्याकडे फवारणीला येणारे एक दादा आहेत, पंधराएक वर्षांपासून तेच काम करतात. बॅटरीचा पंप, पंधरा-सोळा लिटरचा. त्यांनी सातवा का आठवा पंप उतरवला तेव्हा मी भाच्याला म्हटलं पाठीकडे पाहा. शर्ट मधोमध ओला होता, कमरेपर्यंत, अन् तो नुसता घाम नव्हता, पांढरट कड दिसत होती कापडावर. टाकीच्या झाकणाचं वायसर कडक होऊन चिरलं होतं, चालताना प्रत्येक हेलकाव्याला थोडं थोडं बाहेर यायचं. दादा धुऱ्यावर बसले, खिशातून खर्ऱ्याची, म्हणजे सुपारी-तंबाखूची, पन्नी काढली, तळहातावर घेतली, अंगठ्यानं घोटली अन् तोंडात टाकली. हात धुतले नव्हते. पाणी ड्रमात होतं पण तो ड्रम मिसळायचा होता.

भाचा माझ्याकडे पाहत राहिला. मी त्याला विचारलं, आता ह्याच्यात हॅझर्ड दाखव. त्यानं बाटलीकडे बोट केलं, बरोबर. मग म्हटलं आता जोखीम मोज. त्यानं वायसर मोजलं, ओला शर्ट मोजला, खर्रा मोजला, आठ पंप मोजले. मग थांबून म्हणाला, "मामा, मजुरीबी पंपावर हाय न?" हे त्यानं स्वतःहून काढलं अन् मला फार बरं वाटलं, कारण मजुरी पंपाच्या हिशोबानं असली की माणूस घाई करतो, मधे हात धुवायला थांबत नाही, अकरा वाजल्यावर ऊन चढलं तरी थांबत नाही. पुस्तकात हे हॅझर्डच्या यादीत सापडणार नाही, पण जोखमीच्या हिशोबात ते पहिल्या ओळीत पाहिजे.

बहुतेकांना वाटतं जहर फक्त तोंडातून किंवा नाकातून जातं. फवारणीत सगळ्यात मोठी वाट कातडीची असते. ओलं कापड अंगाला चिकटून राहिलं की तास दोन तास ते आत मुरत राहतं, अन् गरमीत, घामानं, ते अजून सोपं होतं. त्यातही ऑर्गनोफॉस्फेट नावाचा जो गट आहे, मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस वगैरे, त्याचं काम कसं चालतं ते समजून घेण्यासारखं आहे. आपल्या नसा स्नायूंना निरोप पाठवतात, अन् निरोप पोचला की तो बंद करणारा एक पदार्थ शरीरात असतो. हे जहर त्या बंद करणाऱ्यालाच पकडून ठेवतं. मग स्विच चालूच राहतो: लाळ गळते, घाम फुटतो, डोळ्याची बाहुली टाचणीएवढी होते, उलट्या, संडास, स्नायू फडफडतात, शेवटी श्वास अडतो. अन् हा बंद करणारा पदार्थ शरीरात परत तयार व्हायला बरेच दिवस, आठवडे लागतात. म्हणून आज दहा पंप, उद्या दुसऱ्याच्या वावरात दहा, परवा तिसऱ्याच्या, असं सलग चाललं की कालचं भरून यायच्या आत आजचं अंगावर येतं. ज्याला आठ दिवस काही झालं नाही तो नवव्या दिवशी पडतो अन् लोक म्हणतात, इतके दिवस तर काही नव्हतं झालं.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात काय झालं ते आपण कोणी विसरलो नाही. पावसाळा संपता संपता फवारणीनं वीसच्या वर शेतकरी अन् शेतमजूर गेले, शेकडो लोक भरती झाले, कित्येकांच्या डोळ्यांना त्रास झाला. त्या वर्षी बाटल्या चंद्रावरून आल्या नव्हत्या, त्यातली बरीच औषधं आधीच्या वर्षांतही वापरात होती. म्हणजे हॅझर्ड ओळखीचा होता. बदललं ते मधलं. पऱ्हाटी माणसाच्या डोक्याएवढी वाढली होती, त्यामुळं नोझल कमरेखाली नाही तर तोंडाच्या उंचीवर धरावा लागत होता अन् फवारा परत अंगावर येत होता. दाट पिकात हवा कोंडलेली, उकाडा, जोरानं बारीक तुषार उडवणारे पंप, किडीचा जोर जास्त म्हणून पुन्हा पुन्हा फवारणी, अन् दोन-तीन औषधं एकात मिसळून. प्रत्येक गोष्टीनं जोखीम थोडी थोडी वर ढकलली. मिसळण्याचं तर असं आहे की त्यात नुसती जोखीमच नाही तर हॅझर्डसुद्धा बदलतो, कारण दोन जहरं एकत्र आली की काय होईल हे त्या दोन्ही बाटल्यांच्या लेबलवर लिहिलेलं नसतं.

इथं मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे. एखादा फवारणीवाला पडला की पहिलं वाक्य काय निघतं? "त्यानं मास्क लावला नव्हता." मास्क लावायलाच पाहिजे, हातमोजे पाहिजेत, चष्मा पाहिजे, त्यात वाद नाही. पण जगभर सेफ्टीवाले जी पायरी शिकवतात त्यात मास्क, हातमोजे हे सगळ्यात शेवटी येतात. आधी हॅझर्डच काढून टाकता येतो का पाहायचं: ही फवारणी लागतेच का, कामगंध सापळ्यात (वासानं किडीचे पतंग ओढून पकडतो तो) पतंग किती आले, कीड नुकसानीच्या पातळीवर गेली का. नसेल काढता येत तर सौम्य काही वापरता येतं का, निंबोळी अर्क चालतो का, लालच्या जागी हिरवं चालतं का. मग पंप, नोझल, झाकण नीट करायचं. मग वेळ अन् पाळी ठरवायची, सकाळी लवकर, वारा पाठीशी घेऊन, एकाच माणसाला सलग दिवस नाही. अन् हे सगळं केल्यावर जी जोखीम उरते तिच्यासाठी मास्क. सप्टेंबरच्या उकाड्यात प्लास्टिकचा झगा घालून आठ पंप मारून पाहा म्हणजे कळेल की शेवटच्या पायरीवर सगळं ओझं टाकणं किती अन्यायाचं आहे. वरच्या पायऱ्या मजुराच्या हातात नसतातच, त्या वावरमालकाच्या, दुकानदाराच्या, कंपनीच्या अन् सरकारच्या हातात असतात. लाईन दिवसा आली तर घोणशीची जोखीम शेतकऱ्यानं काही न करता कमी होते, ते वर म्हटलं होतं ना, ते हेच. हॅझर्ड अन् रिस्क एकच समजलं की सगळी चूक संपर्कात येणाऱ्याची वाटते.

रिकाम्या बाटलीचं पण सांगतो. २०१३ च्या जुलैमध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतल्या मधल्या सुट्टीच्या जेवणातून २३ लेकरं गेली. जेवणात मोनोक्रोटोफॉस सापडलं होतं, अन् स्वयंपाकाचं तेल कीटकनाशकाच्या जुन्या डब्यात ठेवलं होतं असं तपासात पुढं आलं. शेतात जे जहर अळीवर जायचं ते थेट पोटात, तेही लहान लेकरांच्या. बाटली रिकामी झाली म्हणजे हॅझर्ड संपला असं होत नाही. आपल्याकडे ती धुऱ्यावर पडलेली असते, कोणी कापून बकऱ्यांना पाणी पाजायला घेतं, कोणी रॉकेल भरून ठेवतं. तीन वेळा खळबळून ते पाणी पंपातच ओतायचं अन् बाटलीला भोक पाडून टाकायचं, म्हणजे कोणाला घ्यावीशी वाटणारच नाही.

अन् जोखीम सगळ्यांना सारखी नसते. फवारणी झाली की दुसऱ्या दिवशी त्याच वावरात निंदायला बाया जातात, ओल्या पानांतून हात घालत, कोणी गरोदर असते, कोणाचं लेकरू धुऱ्यावर झोळीत असतं. त्यांनी बाटली हातात धरलेली नसते, कोणी त्यांना रंग दाखवलेला नसतो. फवारणीवाल्याला पाणी आणून देणारी, त्याचे कपडे घरच्या कपड्यांसोबत धुणारी बायको पण ह्या हिशोबात येते. संपर्क तोच असला तरी लहान अंगाला, अशक्त अंगाला तो जास्त लागतो.

आता व्हॉट्सअॅपवर जे फिरतं त्याच्याबद्दल थोडं, कारण तिथंही हाच घोळ असतो. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवर काम करणारी एक संस्था आहे, फ्रान्समध्ये लियों शहरात. ती वस्तूंचे गट पाडते. गट १ म्हणजे ह्या वस्तूनं माणसाला कॅन्सर होऊ शकतो ह्याचा पुरावा पक्का. २०१५ मध्ये त्यांनी प्रक्रिया केलेलं मांस गट १ मध्ये टाकलं अन् बातम्या आल्या की हे मांस सिगारेटइतकं घातक. तसं त्यांनी म्हटलंच नव्हतं. गट फक्त पुरावा किती पक्का ते सांगतो, म्हणजे हॅझर्ड. किती लोकांना, किती खाल्ल्यावर, हे रिस्कचं काम, ते वेगळं मोजावं लागतं. उन्हाचे किरण गट १ मध्ये आहेत, सुपारी गट १ मध्ये आहे, तंबाखू गट १ मध्ये आहे. सारख्या गटात आहेत म्हणून वावरातलं ऊन अन् खर्रा सारखे झाले का? खर्ऱ्यात तर सुपारी अन् तंबाखू दोन्ही, अन् ते गालात दाबून तास तास, दिवसाला आठ-दहा पुड्या, वीस वर्षं. संपर्क मोजला की जोखीम कुठं पोचते ते वेगळं सांगायला नको.

त्याच २०१५ मध्ये त्या संस्थेनं ग्लायफोसेट, म्हणजे आपण तणावर मारतो ते, "बहुधा कॅन्सरकारक" ह्या गटात टाकलं, अन् अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं नंतर म्हटलं की त्यानं कॅन्सर व्हायची शक्यता दिसत नाही. दोघांनी पुरावे पण सगळे सारखे पाहिले नव्हते, त्यामुळं भांडण तेवढ्यावर संपत नाही, पण एक मोठा फरक हा की पहिली संस्था विचारते "ह्याच्यात ताकद आहे का" अन् दुसरी विचारते "लोक जसं वापरतात तसं वापरल्यावर काय होतं". वाचताना कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे ते आधी पाहायचं.

बाकी ठिकाणी हे शब्द थोडे सरकतात, ते पेपरासाठी माहीत असू द्या. विम्यात आग, गारपीट ह्यांना पेरिल म्हणतात अन् हॅझर्ड म्हणजे नुकसानीची शक्यता वाढवणारी परिस्थिती, जसं गंजीजवळून गेलेली उघडी वायर. शेअर बाजारात रिस्क म्हणजे चढउतार. हॅझर्ड हा शब्द मुळात फाशांच्या जुगारावरून आला, फ्रेंचमध्ये अजूनही त्याचा अर्थ योगायोगाच्या जवळ जातो, त्यामुळं जुन्या इंग्रजीत दोन्ही शब्द मिसळलेले सापडतील. पण शेती, कारखाना, दवाखाना, आपत्ती, इथं वर सांगितलेला फरकच चालतो.

फवारताना कोणाला गरगरलं, डोळ्यापुढं धुकं आलं, लाळ सुटली तर काम तिथंच थांबवा. अंगावरचे कपडे काढा, साबण अन् भरपूर पाण्यानं धुवा, लिंबूपाणी-दूध पाजत बसू नका, ओकारी काढू नका, १०८ ला फोन करा अन् बाटली किंवा तिचं लेबल सोबत न्या, कारण डॉक्टरला कोणतं जहर आहे हे कळलं तरच उतारा बरोबर देता येतो.

त्या दिवशी दुपारी भाचा गाडी घेऊन तालुक्याला गेला अन् झाकणाची दोन वायसरं घेऊन आला, एक बसवायला, एक ठेवायला. येताना साबणाची वडी अन् पाच लिटरची पाण्याची कॅन पण आणली, अन् ती कॅन औषधाच्या ड्रमापासून लांब, बाभळीखाली ठेवली. दादांना म्हणाला, "दादा, खर्रा खायचा तं खा, पण आंधी हात इकडं धुवा." दादांनी वायसर बसवून पंप उलटा करून पाहिला, मग दुसऱ्यांदा हलवून पाहिला. वहीत त्यानं रिस्कच्या पुढचा "धोका" खोडून "जोखीम" लिहिलं, अन् खाली बारीक अक्षरात: कशाची, कोणाला, किती.